ऑक्टाव्हियाचा गिअर आखूड करताना

दौलताबादचा किल्ला मागे पडला की वेरूळच्या रस्त्याला घाट लागतो. गेल्या पावसाळ्यात त्या घाटात माझ्या गाडीचा दुसरा गिअर लागला नाही. तिसऱ्यातून दुसऱ्यात आणायला लिव्हर मागे ओढली, तर ती डावीकडे न वळता सरळ खाली आली आणि चौथा पडला. गाडी गचके खात जवळजवळ थांबली. मागे भरलेली एसटी होती. ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक मारला म्हणून निभावलं. बायको शेजारी होती, तेव्हा काही बोलली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "अहो, त्या गिअरचं आता बघाच."

गाडी २००६ ची स्कोडा ऑक्टाव्हिया, १.९ टीडीआय, म्हणजे टर्बो डिझेल. शेंद्र्याच्या कारखान्यात या गाड्या २००१ पासून जुळायला लागल्या, तेव्हापासून मामांच्या डोक्यात ती बसली होती. पाच वर्षं पैसे साठवून त्यांनी घेतली, निगुतीने चालवली आणि डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर किल्ली माझ्या हातात दिली. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग, ग्रीन टॅक्स, सगळं करून मी ती ठेवली आहे. इंजिन अजून खणखणीत आहे. ९० हॉर्सपॉवर आणि २१० न्यूटन-मीटर टॉर्क, पण तो टॉर्क १९०० आरपीएमच्या आसपास मिळतो. काटा खाली गेला की टर्बो बसतो. म्हणून या गाडीला घाटात सारखा दुसरा-तिसरा करावा लागतो, आणि नेमकी तिथेच लिव्हर हातभर लांब फिरायची.

मी चिकलठाणा एमआयडीसीत एका टूलरूममध्ये तपासणीचं काम करतो. दिवसभर हातात व्हर्निअर असतो. त्यामुळे पहिली गोष्ट केली ती ही, की इंजिन बंद ठेवून नॉबच्या मधोमध खूण केली आणि पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजलं. साडेबारा सेंटिमीटर भरलं. मग न्यूट्रलमध्ये लिव्हर बोटाने पुढेमागे हलवून पाहिली. काहीही विरोध न लागता ती जवळपास तीन सेंटिमीटर हलत होती. हा दुसरा आकडा मी वहीत लिहिला खरा, पण त्याचं मोल मला तेव्हा कळलं नाही.

डोक्यात एकच होतं, शॉर्ट शिफ्टर बसवायचा, म्हणजे लिव्हरचा प्रवास आखूड करणारा पार्ट. याच सांगाड्यावरच्या फोक्सवॅगन गोल्फसाठी परदेशात तयार संच मिळतात, तो मागवावा असं ठरवत होतो. आमच्या गल्लीच्या टोकाला एक वयस्कर मिस्त्री आहेत. त्यांना बॉनेट उघडून दाखवलं. त्यांनी गिअरबॉक्सवरची केबलची टोकं दोन बोटांत धरून हलवली आणि म्हणाले, "साहेब, आधी ही ढिलाई काढा. ढिलं दार छोटं केलं तरी ढिलंच राहणार."

त्या रात्री कागदावर आकृती काढली तेव्हा त्यांचं म्हणणं पुरतं समजलं. या गाडीत लिव्हरपासून दोन केबली निघतात आणि बॅटरीखालून गिअरबॉक्सच्या माथ्यावर येतात. तिथे एक उभा दांडा बाहेर आलेला असतो, सिलेक्टर शाफ्ट. लिव्हर डावी-उजवीकडे केली की एक केबल हा शाफ्ट वर-खाली करते, म्हणजे कुठली जोडी हवी ते ठरतं, पहिला-दुसरा की तिसरा-चौथा की पाचवा. लिव्हर पुढे-मागे केली की दुसरी केबल त्याला फिरवते आणि गिअर लागतो. फिरवायचं काम करणारा आडवा हात शाफ्टच्या डोक्यावर नटाने बसलेला असतो. त्याच्या एका बाजूला लोखंडाचं चांगलं वजन असतं आणि दुसऱ्या बाजूला पिन. केबलचं टोक त्या पिनेवर बसतं.

आता ही पिन शाफ्टच्या जवळ सरकवली, तर शाफ्ट तेवढाच फिरवायला केबल कमी ओढावी लागते. केबल कमी ओढायची म्हणजे नॉबचा प्रवास कमी. शॉर्ट शिफ्टर म्हणजे एवढंच. पण पिनेवरचा बुश, म्हणजे पिन आणि केबलचं टोक यांच्यामधली छोटी नळी, झिजून जो एक-दोन मिलिमीटरचा खेळ पडलेला असतो, तो पिन जवळ आणल्याने कमी होत नाही. तो केबलीतून नॉबपर्यंत जसाच्या तसा येतो. म्हणजे प्रवास घटतो आणि ढिलाई तेवढीच राहते. साडेबारातले तीन सेंटिमीटर वाया जात होते, ते आता नवातले तीन गेले असते! गिअर आखूड झाला असता आणि जास्तच चुकला असता. पैसे घालून गाडी बिघडवायचा हा हमखास मार्ग आहे, आणि मी त्यावर निम्मा चाललो होतो.

म्हणून आधी बुश. शाफ्ट वर-खाली करणाऱ्या छोट्या हाताचा प्लास्टिकचा बुश काढला तर तो गोल राहिलाच नव्हता, लंबगोल झाला होता. नवे बुश मिळाले. पिनेवरचा बुश मात्र मिळेना, तो आमच्याच टर्नरकडून गनमेटलचा करून घेतला. एका संध्याकाळचं काम. नंतर मोजलं तर तीन सेंटिमीटरची ढिलाई एकाच्या आत आली होती. खरं सांगतो, गाडी एवढ्यानेच निम्मी सुधारली. ज्यांना जुन्या गाडीचा गिअर लांब वाटतो त्यांनी इथे थांबून आठ दिवस गाडी चालवावी, असं मी मनापासून सांगेन. कित्येकांना पुढचं काही करायची गरजच पडणार नाही.

मला पडली, कारण घाटातला दुसरा-तिसरा अजूनही मोठा होता. पण आता संच मागवण्याऐवजी शाफ्ट फिरवणारा तो आडवा हात इथेच करायचं ठरवलं.

मूळ हाताला मी हात लावला नाही. जुन्या पार्टच्या दुकानातून तसाच दुसरा आणला. कापाकापी करायची ती त्यावर, म्हणजे फसलं तर संध्याकाळी मूळ हात बसवून गाडी रस्त्यावर. पहिला प्रश्न होता की हे वेल्डिंग धरेल का. ओतीव लोखंड असेल तर वेल्डिंगच्या बाजूला बारीक तडा जातो आणि तो कधी उघडेल सांगता येत नाही. म्हणून कडेला जरासं ग्राइंडरवर टेकवलं. वजनाच्या बाजूने आखूड, तांबूस, झुबकेदार ठिणग्या उडाल्या, म्हणजे ते ओतीव होतं. पिनेच्या बाजूच्या पट्टीतून लांब, पिवळसर-पांढऱ्या सरळ रेघा निघाल्या, म्हणजे साधं पोलाद. काम पट्टीवरच होतं, त्यामुळे जीव भांड्यात पडला. वजनाला तर हात लावायचाच नव्हता. बरेच जण ते वजन निरुपयोगी समजून कापतात. तसं करू नये. लिव्हर सुटली की ते वजन आपल्या गतीने शाफ्टला खाचेच्या पुढे ढकलतं, त्यानेच गिअर 'टक्' करून बसतो.

पिन किती सरकवायची यावर मी दोन दिवस घालवले. अंतर जितकं कमी, तितका हाताला जोर जास्त, यातून सुटका नाही. प्रवास पाऊणपट केला की जोर एक तृतीयांशाने वाढतो. निम्मा केला तर जोर दुप्पट. आणि हा जोर फक्त आपल्या हाताला लागत नाही, केबलीला, तिच्या टोकाला, पिनेलाही लागतो. शिवाय दोन गिअरांची गती जुळवायचं काम आत सिंक्रोनायझर करतो, त्याला लागायचा तो वेळ लागतोच. लिव्हर आखूड केल्याने तो घाई करत नाही. ही गाडी बायकोही रोज चालवते. मी पाऊणपटावर थांबलो.

पट्टीत शाफ्टच्या जवळ नवं भोक पाडलं, टर्नरने पिन करून दिली आणि वेल्डरने मागून गोल टाका मारला. थंड झाल्यावर गुण्या लावला तर पिनेच्या वरच्या टोकाला प्रकाशाची फट दिसली. उष्णतेने पट्टी ओढली गेली होती आणि पिन झुकली होती. डोळ्याला दिसणारही नाही इतकंच, पण अशा पिनेवर केबलचं टोक एका कडेवर घासतं आणि बुश महिन्याभरात खाऊन टाकतं. वेल्डर म्हणाले, "हातोडीने सरळ करतो." मी नको म्हटलं. ताज्या टाक्याला हातोडी मारायची आणि मग त्याच्यावर घाटात भरवसा ठेवायचा, हे मला पटेना. पिन काढून टाकली. दुसऱ्या वेळी पिनेला खांदा ठेवला, भोकात दाबून घट्ट बसवली आणि समोरासमोर चार छोटे टाके, प्रत्येक टाक्यानंतर थांबून. गुण्याखाली उजेड दिसला नाही तेव्हाच हात घरी आणला.

रविवारी सकाळी गाडी फाटकातच ठेवली. हँडब्रेक, मागच्या चाकांना विटा, पुढची दोन्ही चाकं जॅकने उचलून स्टँडवर. गाडी न्यूट्रलमध्ये राहणार असल्याने विटा विसरून चालत नाहीत. बॅटरी काढण्याआधी रेडिओच्या कोडचं कार्ड शोधून ठेवलं, कारण या गाड्यांचा मूळ रेडिओ बॅटरीची वायर निघाली की कोड मागतो. मामांनी ते कार्ड सर्व्हिस बुकात स्वतःच्या अक्षरात "हरवू नये" लिहून चिकटवलेलं होतं.

बॅटरी आणि तिचा ट्रे निघाला की सगळं समोर येतं. जुन्या हाताच्या आणि शाफ्टच्या माथ्यावर एकच रेघ ओढून ठेवली, म्हणजे नवा त्याच दिशेत बसेल. केबलच्या टोकाची सर्क्लिप, म्हणजे ते टोक पिनेवर धरणारी स्प्रिंगची कडी, काढताना खाली फडकं पसरा, हे मी आवर्जून सांगतो. ती उडते आणि गिअरबॉक्सच्या मागे अशा जागी जाऊन बसते की चुंबकाच्या काडीनेही निघत नाही. नट काढला, हात वर खेचला, नवा बसवला. हे सगळं तासाभरात झालं.

खरं काम त्याच्यापुढे होतं. पिनेची जागा बदलली म्हणजे केबलची मधली जागाही बदलली, ती पुन्हा जुळवावी लागते. केबलींच्या टोकांवर स्प्रिंगची कॉलर असते. ती पुढे ओढून फिरवली की अडकून राहते आणि केबल मोकळी होते. सोडली की केबल आहे त्या जागी घट्ट. मला वाटलं, इकडे गिअरबॉक्स न्यूट्रल, तिकडे लिव्हर न्यूट्रल, कॉलर सोडल्या की झालं. तसंच केलं. पहिला लागला, दुसरा, तिसरा, चौथाही. पाचवा काही केल्या लागेना. लिव्हर उजवीकडे पूर्ण टेकत होती आणि गिअरबॉक्सचं उजवीकडे जायचं अजून बाकी होतं. अंदाजाने पाव सेंटिमीटर इकडे-तिकडे करत राहिलो. पाचवा मिळाला की पहिला अडखळायचा. दुपारचे दोन वाजले. जेवायला बोलावणं आलं आणि मी हात धुऊन उठलो, तेव्हा मनात मूळ हात परत बसवायचा विचार आला होता.

जेवण झाल्यावर शांतपणे गाडीची दुरुस्तीची पद्धत वाचली. कंपनीने अंदाजाला जागाच ठेवलेली नाही. गिअरबॉक्सवर शाफ्टच्या शेजारी एक छोटा वाकडा खटका असतो. शाफ्ट हाताने खाली दाबायचा आणि दाबलेला असतानाच तो खटका फिरवायचा, की शाफ्ट पहिल्या-दुसऱ्याच्या रांगेत, पण न्यूट्रलमध्ये, कुलूप लावल्यासारखा अडकतो. मी सकाळभर लिव्हर मधोमध, तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत धरून जुळवत होतो. तिथे तिला धरून ठेवणारं काहीच नसतं, स्प्रिंगवर ती तरंगत असते. आत लिव्हरलाही कुलपाची सोय आहे. लिव्हरभोवतीचं चामड्याचं आवरण वर उचललं की लिव्हरच्या बुडाशी एक भोक दिसतं आणि त्याच्या खाली, लिव्हर ज्यात बसते त्या खोक्यातही एक. लिव्हर न्यूट्रलमध्येच डावीकडे दाबली की ही दोन भोकं एका रेषेत येतात. कंपनीची पिन माझ्याकडे नव्हती. ड्रिलच्या बिटा एकेक करून घालून पाहिल्या आणि जी जराही न डुलता बसली ती तशीच राहू दिली.

आता दोन्ही टोकांना कुलूप, मधे दोन्ही केबली मोकळ्या. कॉलर एकेक करून सोडल्या. स्प्रिंगने त्या मागे येऊन बसल्याचा 'चट्' असा आवाज होतो, तो दोन्ही वेळा ऐकला. खटका पूर्ववत केला, बिट काढली. लिव्हर आपोआप मधे, तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत येऊन उभी राहिली.

शेवटच्या तपासणीला दोन माणसं लागतात. मुलगी नववीत आहे, तिच्या हातात टॉर्च देऊन बॉनेटपाशी उभी केली आणि शाफ्टचा माथा दाखवला. पहिला गिअर टाकायचा, त्याच गिअरमध्ये लिव्हर डावीकडे टेकेपर्यंत दाबायची आणि सोडायची. तेवढ्याने शाफ्ट साधारण एक मिलिमीटर हलला पाहिजे. काहीच हलला नाही तर जुळवणी चुकली.

"दाबतोय. बघ."

"बाबा, थांबा, उजेड नीट पडत नाहीये. हां, आता दाबा." मी दाबली. "हललं! थोडंसंच. नखाच्या जाडीएवढं."

"परत बघ."

"परत तेवढंच. सोडल्यावर वर आलं."

मग तिलाच चाकापाशी बसवलं. इंजिन बंद असताना आतले दात समोरासमोर आले तर गिअर लागत नाही आणि आपल्याला वाटतं जुळवणी फसली. कोणीतरी चाक हाताने हळू फिरवत राहिलं की दातांना जागा मिळते. ती चाक फिरवत होती, मी एकेक गिअर टाकत होतो. पाचही लागले. रिव्हर्ससाठी नॉब खाली दाबून डावीकडे आणि पुढे, तोही आला. खाली न दाबता रिव्हर्समध्ये जात नाही ना, हे चार वेळा पाहिलं. पट्टी लावली तेव्हा पहिला ते दुसरा साडेनऊ सेंटिमीटर भरला.

आठवडाभर चालवल्यावर दोन गोष्टी खटकल्या. एक, डावी-उजवीचं अंतर पूर्वीइतकंच आहे, कारण ती केबल वेगळी आणि तिचा हात मी बदललेला नाही. पुढे-मागे आखूड झाल्यावर आडवं अंतर रुंद वाटतं. आपल्याकडे उजव्या हाताची गाडी, त्यामुळे पहिला-दुसरा आपल्यापासून लांबच्या बाजूला असतो आणि हे रुंदपण दुसरा टाकताना जाणवतं. त्याची सवय होते. दुसरी गोष्ट अशी की थंडीच्या सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर दुसरा गिअर अडून बसायचा. पूर्वीही बसत असणार, पण लांब लिव्हरमुळे ते हाताला कळत नव्हतं, आता जोर वाढल्यावर कळलं. गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं होतं, मामांनाही आठवेना. बदललं तेव्हा काळंभोर निघालं. सुमारे दोन लिटर लागतं, ७५डब्ल्यू-९०. डब्यावर जीएल-४ लिहिलेलं बघूनच घ्या. जीएल-५ जास्त चांगलं म्हणून दुकानदार पुढे करतात, पण त्यातली रसायनं पितळी सिंक्रोच्या कड्यांना मानवतीलच असं नाही. आणि आधी भरायचा बोल्ट उघडा, मग खालचा. खालचा उघडून तेल सांडून गेलं आणि भरायचा बोल्ट गंजून अडकला, तर गाडी जागेवरच राहते. नवं तेल पडल्यावर दुसऱ्याचं अडणं जवळपास गेलं.

बायकोने चालवल्यावर विचारलं, जड वाटतो का. म्हणाली, "थोडा जड आहे, पण कुठे गेला ते हाताला समजतं."

मामांना डिसेंबरमध्ये वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला नेलं. त्याच घाटात, त्याच वळणांवर तिसरा-दुसरा-तिसरा करत चढलो. मामा पुढे बसले होते, समोर न पाहता माझ्या डाव्या हाताकडे बघत होते. देवळाच्या पार्किंगमध्ये गाडी उभी केल्यावर त्यांनी इंजिन बंद करायला लावलं, माझ्या बाजूला येऊन बसले आणि लिव्हर स्वतःच्या हाताने पहिल्यापासून पाचव्यापर्यंत फिरवून पाहिली. म्हणाले, "अरे, मी चौदा वर्षं ही अशीच असते समजत होतो."

हजार किलोमीटर झाल्यावर बॅटरीचा ट्रे पुन्हा काढला. टाक्यांवर रंग मारून ठेवला होता, त्याला कुठे बारीक रेघ नव्हती. सर्क्लिप जागेवर, पिनेवर झीज नाही. मात्र पिन आत सरकल्याने केबल पूर्वीपेक्षा थोडी तिरकी येते आणि एका ठिकाणी केबल धरणाऱ्या कंसाच्या कडेला घासून तिच्यावर चकाकणारा चट्टा पडला होता. कंसाची कड कानशीने गोल केली, केबलीवर रबरी नळीचा बोटभर तुकडा चिरून चढवला आणि दोन्ही टोकांना पट्ट्या आवळल्या. आता पुढच्या हजारला पुन्हा बघणार आहे.